मूळ फुटवणं आणि मूळ वाढवणं ही दोन वेगळी कामं आहेत

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं काही चुकीचं समजलं असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. तुम्हाला रोपाला मुळं फुटवायची नाहीत. खोड-पान काही नको, नुसती मुळंच बाटलीत वाढवायची आहेत. त्यासाठी तुम्ही तंबाखूच्या पानाचे तुकडे पूर्ण ताकदीच्या एमएस माध्यमावर (म्हणजे मुराशिगे-स्कूग यांच्या नेहमीच्या पोषक माध्यमावर) ठेवलेत आणि त्यात लिटरला २ मिलिग्रॅम एनएए आणि ०.५ मिलिग्रॅम कायनेटिन घातलंत. ही दोन्ही संजीवकं, म्हणजे वाढीला वळण देणारी द्रव्यं; एनएए ऑक्झिन गटातलं, कायनेटिन सायटोकायनिन गटातलं. तीन आठवड्यांत कडांवर पिवळट, भुसभुशीत कॅलस, म्हणजे आकार न घेतलेल्या पेशींचा गोळा, आला. त्यातून थोडी मुळं निघाली, पण आखूड, जाड आणि टोकापर्यंत लोकरीसारखी लव असलेली. ती कापून त्याच संजीवकांच्या द्रव माध्यमात शेकरवर (फ्लास्क सतत फिरवणाऱ्या यंत्रावर) ठेवलीत, तर लांब व्हायच्या ऐवजी ती फुगली, तपकिरी झाली आणि चिमट्यात धरली की तुटायला लागली. आता तुम्ही विचारताय, की एनएए ४ मिलिग्रॅम करू, की ते सोडून आयबीए हे दुसरं ऑक्झिन वापरू?

नुसतं तेवढंच करणार असाल तर दोन्ही नको. मात्रा वाढवलीत तर जे बिघडतंय तेच अधिक जोरात बिघडेल. आयबीए आणलंत आणि तेही सतत ठेवलंत, तर चित्र थोडं सौम्य होईल, पण बदलणार नाही. तुमची अडचण संजीवक कोणतं आणि किती, इथे नाहीच. ते किती दिवस ठेवलं, इथे आहे. मूळ फुटवणं हे एक काम आणि फुटलेलं मूळ वाढवणं हे दुसरं. पहिल्याला ऑक्झिन लागतं, दुसऱ्यात तेच ऑक्झिन आडवं येतं. तुम्ही दोन्ही कामं एकाच बाटलीकडून करून घ्यायला बघताय.

हे असं का, ते नीट समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या मात्रा आणि दिवस त्यावरूनच ठरतात. पानाच्या तुकड्यातली पेशी ही आपलं काम ठरवून बसलेली पेशी असते. तिला पुन्हा विभाजनाकडे वळवायचं आणि मग "तू मूळ हो" असं सांगायचं, हे ऑक्झिनचं काम. सफरचंदाच्या बाटलीतल्या कोंबांवर या प्रवासाचा बारकाईनं अभ्यास झालेला आहे. कापल्यानंतरचा पहिला दिवस पेशींना जागं व्हायला जातो. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात त्या ऑक्झिनचा निरोप खऱ्या अर्थानं ऐकतात आणि मुळाचा आराखडा मांडतात. त्यानंतर मूळ बाहेर पडायला लागतं, आणि तेव्हा आधी हवं असलेलं ऑक्झिन नकोसं होतं. तंबाखूच्या पानात हे दिवस थोडे पुढेमागे होतील, क्रम मात्र तोच राहतो.

आता बाहेर आलेल्या मुळाकडे बघू. त्याच्या टोकाशी, मूलटोपीच्या मागे, विभाजी ऊती असते. तिथे पेशी तयार होतात. त्यांच्या मागच्या पट्ट्यात त्या पेशी लांबट ताणल्या जातात, आणि मूळ पुढे सरकतं ते मुख्यतः या ताणण्यामुळे. बाहेरून जास्त ऑक्झिन आलं की ही ताणण्याची क्रिया काही मिनिटांतच मंदावते. त्याबरोबर इथिलीनही वाढतं, पेशी लांब व्हायच्या ऐवजी आडव्या फुगतात, लव अगदी टोकाजवळून उगवायला लागते, आणि रसवाहिन्यांना वेढणाऱ्या पेरिसायकल नावाच्या थरातून जागोजागी उपमुळं सुटायला बघतात. ती इतकी दाटीनं सुटतात, की एकमेकांना चिकटून एक जाड गाठाळ बुंधा होतो. तुमच्या मुळांचं तुम्ही केलेलं वर्णन हेच आहे. ती आजारी नाहीत, उपाशीही नाहीत. तुम्ही सांगताय तेच ती करतायत.

खोडापेक्षा मूळ ऑक्झिनला कितीतरी जास्त संवेदनशील असतं. अनेक रोपांच्या मुळांची लांबी ०.१ मायक्रोमोलरच्या (मायक्रोमोलर म्हणजे वजनाऐवजी रेणूंच्या संख्येवरून मोजलेली तीव्रता) आसपासच्या एनएएलाच कमी व्हायला लागते. एनएएचा रेणुभार १८६ च्या जवळ आहे, म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम हे सुमारे ५.४ मायक्रोमोलर झाले आणि तुमचे २ मिलिग्रॅम सुमारे १०.७. लांबी रोखायला जेवढं पुरतं त्याच्या शंभरपट. हा हिशेब एकदा कागदावर करून बघा. मिलिग्रॅममध्ये विचार केला की २ हा आकडा किती लहान वाटतो, पण मुळाच्या दृष्टीनं तो प्रचंड आहे.

मला हे पहिल्यांदा पुस्तकातून नाही, बाटलीतून कळलं. सुरुवातीच्या काळात मीही तुमच्यासारखंच एनएए असलेल्या अगारवर (जेलीसारख्या घट्ट माध्यमावर) तुकडे महिना-दीड महिना तसेच ठेवायची. एका खेपेला लक्षात आलं, की अगारमध्ये घुसलेली मुळं सगळी बोटभर जाडीची वाटावीत अशी ठेंगणी होती, पण एका तुकड्याची दोन मुळं वर वळून काचेच्या आतल्या बाजूला जमलेल्या ओलाव्यातून सरकत गेली होती, आणि ती मात्र बारीक, पांढरी, सरळ आणि चांगली लांब होती. एकाच तुकड्याची, एकाच दिवशी फुटलेली मुळं. फरक एवढाच, की ती ऑक्झिन असलेल्या माध्यमातून बाहेर पडली होती. त्या दिवसापासून मी बाटलीवर मात्रेबरोबर तारीखही लिहायला लागले. संजीवकावर ठेवल्याची तारीख, आणि काढायची तारीख.

ऑक्झिनशिवाय सुटं मूळ जगेल का, अशी शंका तुम्हाला येईल. ती रास्त आहे, आणि तिचं उत्तर फार जुनं आहे. १९२२ मध्ये रॉबिन्स आणि कोटे या दोघांनी स्वतंत्रपणे मुळांची टोकं कापून निर्जंतुक माध्यमात वाढवायचा प्रयत्न केला. ती काही काळ वाढली आणि मग थांबली. १९३४ मध्ये फिलिप व्हाइट यांनी टोमॅटोच्या मुळांची टोकं क्षार, साखर आणि यीस्टचा अर्क असलेल्या द्रव माध्यमात ठेवली, वाढलेल्या मुळांची टोकं पुन्हा कापून नव्या माध्यमात घातली, आणि ही साखळी वर्षानुवर्षं चालू राहिली. त्या माध्यमात बाहेरून घातलेलं कोणतंही ऑक्झिन नव्हतं. यीस्टच्या अर्कातली कळीची गोष्ट पुढे बी गटातली जीवनसत्त्वं निघाली, सगळ्यात महत्त्वाचं बी-१, म्हणजे थायामिन. रोपात ते पानांकडून मुळांना मिळतं. मूळ कापून वेगळं केलं की तो पुरवठा तुटतो. म्हणून सुट्या मुळाला काय लागतं असं मला कोणी विचारलं, तर मी आधी साखर आणि थायामिन म्हणते. ऑक्झिनचं नाव त्यानंतर घेते, आणि तेही रोप कोणतं आहे ते विचारून.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, की हे सगळ्या रोपांना सारखं लागू नाही. टोमॅटोचं मूळ आपलं ऑक्झिन आपण भागवतं. बऱ्याच वनस्पतींची सुटी मुळं मात्र काही सबकल्चरनंतर, म्हणजे नव्या माध्यमात काही वेळा हलवल्यानंतर, मंदावतात आणि त्यांना अगदी थोडं ऑक्झिन सतत द्यावं लागतं. दुसरं टोक जिनसेंगचं. त्याची आगंतुक मुळं (मूळ नसलेल्या भागातून फुटलेली) मोठ्या बायोरिअॅक्टरमध्ये, म्हणजे संवर्धनाच्या टाक्यांमध्ये, वाढवतात तेव्हा आयबीए लिटरला काही मिलिग्रॅम इतकं माध्यमात सतत ठेवलेलं असतं. मग माझं म्हणणं खोटं ठरतं का? नाही. तिथे लांब मूळ नको असतं. सतत नवी उपमुळं फुटत राहावीत, म्हणजे एकूण वजन वाढावं, हा हेतू असतो. फुटवणं हेच तिथलं काम, म्हणून फुटवणारं संजीवकही कायम असतं. तुम्हाला नेमकं काय हवंय ते आधी ठरवा. लांब, सुटी, टोकं शाबूत असलेली मुळं हवी असतील तर पुढे वाचा. नुसतं वजन हवं असेल तर वाट थोडी वेगळी आहे, पण तरीही तुमची सध्याची मात्रा आणि कायनेटिन त्या वाटेवर नाही.

कायनेटिनचं आधी बोलून मोकळी होते. ते काढून टाका. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्याच खोडाच्या गाभ्यावर दाखवून दिलं, की ऑक्झिन जास्त आणि सायटोकायनिन कमी असेल तर मुळं फुटतात, उलट असेल तर कोंब फुटतात, आणि दोन्ही मध्यम प्रमाणात असतील तर कॅलस नुसता वाढत राहतो. तुमचं ४ ला १ हे प्रमाण ऑक्झिनकडे झुकलेलं दिसतं, म्हणून तुम्हाला ते मुळांचं वाटलं असणार. पण पानाच्या तुकड्यात स्वतःचंही काही असतं, आणि सायटोकायनिन उपमुळांची सुरुवातच दाबून ठेवतं. तुमचा कॅलस बऱ्याच अंशी त्याची देणगी आहे. कॅलसमधून आलेल्या मुळांचा आणखी एक तोटा असा, की लांब काळ कॅलसमध्ये राहिलेल्या पेशींमध्ये गुणसूत्रांचे फरक साचत जातात. मूळ थेट पानाच्या कडेतून आलं तर हा धोका कमी.

तुमचे तुकडे ज्या रोपांवरून येतात ती रोपं बाटलीतच बीएपी या सायटोकायनिनवर वाढवलेली असतील, तर तीही तपासा. बीएपी ऊतीत साठून राहतं आणि पुढच्या माध्यमात तुम्ही ते घातलं नसलं तरी आठवड्यांपर्यंत परिणाम दाखवतं. अशी मातृरोपं मी किमान एक सबकल्चर, शक्य तर दोन, संजीवकाविना ठेवते आणि मगच पानं घेते. मुळं फुटत नाहीत म्हणून लोक ऑक्झिन वाढवत बसतात, आणि दोष बऱ्याचदा दोन महिन्यांपूर्वीच्या बाटलीत असतो.

आता माझी पद्धत सांगते. कोवळी, पूर्ण उघडलेली पण अजून वाढत असलेली पानं घ्या. मधली जाड शीर तुकड्यात राहू द्या, कारण मुळं बहुधा शिरांच्या कापलेल्या टोकाजवळून येतात. साधारण एक सेंटिमीटरचे तुकडे पुरे. माध्यम अर्ध्या ताकदीचं एमएस, साखर लिटरला २० ते ३० ग्रॅम, अगार ७ ते ८ ग्रॅम, सामू (पीएच) ५.८. त्यात फक्त आयबीए, लिटरला १ मिलिग्रॅम. या बाटल्या अंधारात पाच-सहा दिवस. सहाव्या दिवशी तुम्हाला डोळ्यांना मुळं दिसणार नाहीत, फार तर शिरेच्या टोकाशी किंचित फुगवटा दिसेल. तिथे मन घट्ट करा आणि तुकडे उचला. "अजून काही आलंच नाही" म्हणून आणखी आठवडाभर तिथेच ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि ठेंगणी मुळं तयार होतात ती त्याच आठवड्यात. उचललेले तुकडे संजीवक नसलेल्या द्रव माध्यमात एकदा खळबळून घ्या आणि संजीवक नसलेल्या अगारवर ठेवा. माझ्याकडे साधारण पुढच्या आठवड्याभरात मुळं बाहेर येतात. दोन-तीन सेंटिमीटर झाली की ती पानापासून वेगळी करून द्रव माध्यमात टाकता येतात.

एनएए सोडून आयबीए का, हेही सांगते. आयएए हे वनस्पतीचं स्वतःचं ऑक्झिन, पण ते प्रकाशात आणि पेशींमधल्या विकरांमुळे लवकर मोडतं. बाटलीत शेवटी किती उरलं ते कळत नाही. एनएए याच्या उलट, ते मोडता मोडत नाही. तुकडा नव्या माध्यमावर हलवला तरी आत शिरलेलं एनएए मागे राहतं आणि थांबवायचं म्हटलं तरी थांबत नाही. आयबीए मधलं. माध्यमात पुरेसं टिकतं, आणि पेशीत गेल्यावर त्याचं हळूहळू आयएए होतं, जे पेशी स्वतः हाताळू शकते. ज्या कामात संजीवक वेळेवर बंद करणं हाच मुद्दा आहे, तिथे मला आयबीए जास्त विश्वासाचं वाटतं. काही झाडांमध्ये एनएएच चालतं, आयबीएला ती दाद देत नाहीत. तसं असेल तर मात्रा निम्म्याहून कमी घ्या आणि दिवसही कमी करा. २,४-डी हे ऑक्झिन मात्र या कामात आणू नका, त्यानं कॅलसच वाढेल.

स्टॉक द्रावणाची चूक इतक्या ठिकाणी पाहिली आहे, की विचारलेलं नसलं तरी सांगते. आयबीए किंवा एनएएची पूड सरळ पाण्यात विरघळत नाही. १०० मिलिग्रॅम पूड १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडच्या एक-दोन मिलिलिटरमध्ये थेंबाथेंबानं पूर्ण विरघळवा, मग ढवळत ढवळत पाणी घालून १०० मिलिलिटर करा. हे १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅम झालं. लिटरभर माध्यमात १ मिलिग्रॅम हवं असेल तर याचं १ मिलिलिटर. बाटली फॉइलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये. तळाशी साका दिसला तर ते द्रावण वापरू नका, कारण मग वरच्या पाण्यात नेमकं किती आहे हे कोणालाच माहीत नसतं. आयबीए आणि एनएए ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात) बऱ्यापैकी टिकतात. आयएए वापरणारच असाल तर ते ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, माध्यम कोमट झाल्यावर घाला.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: कायनेटिन बंद, पूर्ण एमएसच्या जागी अर्धं, एनएएच्या जागी थोडं आयबीए, आणि तेही पाच-सहा दिवसच, मग संजीवकाशिवाय. बाकी सगळे तपशील यातच बसवायचे आहेत.

द्रव माध्यमात तुमची मुळं अगारपेक्षाही जास्त बिघडली, त्यामागे मला दोन कारणं दिसतात. पहिलं उघड आहे. अगारवर मुळाची एकच बाजू माध्यमाला लागते, द्रवात चारी बाजूंनी. दुसरं कारण सहसा कोणी बघत नाही. पूर्ण एमएसमध्ये अमोनियम भरपूर असतं, अमोनियम नायट्रेट लिटरला १६५० मिलिग्रॅम. मुळं अमोनियम आधी उचलतात आणि त्या बदल्यात माध्यम आम्ल करतात. ५.८ वर सुरू केलेला फ्लास्क काही दिवसांत ४.५ च्या आसपास येऊ शकतो. आता ऑक्झिन ही सौम्य आम्लं आहेत. सामू उतरला की त्यांचा विद्युतभार नसलेला भाग वाढतो आणि तोच पेशीच्या पटलातून सहज आत शिरतो. म्हणजे बाटलीवर तुम्ही २ मिलिग्रॅमच लिहिलंय, पण मुळाच्या आत जाणारं ऑक्झिन मात्र दिवसेंदिवस वाढतंय. एकदा जुन्या फ्लास्कमधलं माध्यम सामूमापकाखाली धरून बघा.

म्हणून सुट्या मुळांसाठी मी अर्धं एमएस किंवा बी-५ हे दुसरं माध्यम वापरते. गॅम्बोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये दिलेल्या बी-५ मध्ये नायट्रोजन मुख्यतः पोटॅशियम नायट्रेटमधून येतो, लिटरला २५०० मिलिग्रॅम, आणि अमोनियम सल्फेट फक्त १३४ मिलिग्रॅम असतं. शिवाय त्यात थायामिन लिटरला १० मिलिग्रॅम आहे. एमएसच्या मूळ सूत्रात ते ०.१ मिलिग्रॅम होतं. वर थायामिनबद्दल जे सांगितलं ते आठवलं, तर सुट्या मुळांना बी-५ का मानवतं ते लक्षात येईल. अर्धं एमएस वापरलंत तर क्षार अर्धे करा, जीवनसत्त्वं अर्धी करू नका.

साखरेबाबतही एक गोंधळ होतो. बाटलीतल्या कोंबांना मुळं फुटवताना साखर कमी करण्याची रीत आहे, ती वाचून लोक सुट्या मुळांचीही साखर १० ग्रॅमवर आणतात. कोंबाला पानं असतात, सुट्या मुळाला काहीच नसतं. साखर हेच त्याचं सगळं अन्न. २० ग्रॅमच्या खाली जाऊ नका. आणि ग्लुकोज घालण्यापेक्षा साधी साखर, म्हणजे सुक्रोज, ठेवा. टोमॅटोची सुटी मुळं तर ग्लुकोजपेक्षा सुक्रोजवर कितीतरी चांगली वाढतात.

फ्लास्क २५० मिलिलिटरचा असेल तर माध्यम ५० मिलिलिटरच घ्या. मुळांना हवा लागते, आणि फ्लास्क भरून टाकला की तळाची मुळं गुदमरतात. शेकर मिनिटाला ८० ते १०० फेऱ्या. त्याहून वेगानं फिरवलं तर टोकांना इजा होते, आणि इजा झालेल्या टोकांतून फेनॉलं सुटून सगळं तपकिरी होतं. अंधारातच ठेवा. प्रकाशात माध्यमातलं लोहाचं संयुगही मोडतं आणि काही मुळं हिरवट होऊन रेंगाळतात. झाकण पूर्ण हवाबंद नको, इथिलीन बाहेर जायला वाट हवी. सुरुवातीला प्रत्येक फ्लास्कमध्ये सुमारे अर्धा ग्रॅम मुळं घाला. एकच नाजूक मूळ ५० मिलिलिटरमध्ये टाकलं तर बऱ्याचदा ते नुसतं पडून राहतं. तीन-चार आठवड्यांनी सबकल्चर करताना जुनी, पिवळट मुळं टाकून द्या आणि दोन-तीन सेंटिमीटरची टोकं असलेले तुकडेच पुढे न्या. मुख्य टोक कापलं गेलं की त्याचा दाब हटतो आणि मागच्या भागातून उपमुळं आपोआप फुटतात. फांद्या हव्यात म्हणून संजीवकाकडे जाण्याआधी कात्रीकडे जा, असं मी शिकाऊ मुलांना सांगते.

दोन-तीन सबकल्चरनंतर वाढ मंदावली, तर मग थोडं ऑक्झिन द्यायचा विचार करा. पण थोडं म्हणजे लिटरला ०.०५ किंवा ०.१ मिलिग्रॅम आयबीए. आणि बरोबर संजीवक नसलेला फ्लास्क चालू ठेवाच, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

मोजमापाबद्दल एक विनंती. तुम्ही लिहिलंय, की मुळांचं वजन तीन आठवड्यांत दुप्पट झालं, म्हणून माध्यम ठीक असावं असं वाटलं. फुगलेल्या मुळात पाणीच जास्त असतं. ओलं वजन वाढतं आणि खरी वाढ झालेली नसते. मुळं टिपकागदावर कोरडी करून ओलं वजन घ्या, मग ओव्हनमध्ये ६० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून पुन्हा घ्या. त्याबरोबर टोकं मोजा. फ्लास्कमध्ये जिवंत, पांढरी टोकं किती आहेत, हा मला वजनापेक्षाही खरा आकडा वाटतो. भिंगाखाली मूलटोपी दिसली, तिच्या मागे थोडी गुळगुळीत पट्टी आणि मग लव सुरू झाली, तर मूळ ठीक आहे. लव थेट टोकापासून सुरू होत असेल, तर ऑक्झिन अजून जास्त आहे.

तुमच्या रोपासाठी नेमके दिवस आणि नेमकी मात्रा मी इथून सांगू शकत नाही, कारण ते वाणावर, पानाच्या वयावर आणि मातृरोप कसं वाढलंय त्यावर ठरतं. म्हणून एक लहान चाचणी करा. आयबीए ०, ०.५, १ आणि २ मिलिग्रॅम, आणि प्रत्येकात ३, ६ आणि १० दिवस. प्रत्येक जोडीला वीस तुकडे. शून्याची ओळ गाळू नका. तंबाखूसारख्या सोशिक रोपात कधीकधी नुसत्या कापण्यानंही काही मुळं येतात, आणि तसं असेल तर तुमचं अर्धं काम निसर्गानं केलेलं असतं. किती तुकड्यांना मुळं आली, तुकड्यामागे किती, आणि तिसऱ्या आठवड्याला सगळ्यात लांब मूळ किती, एवढेच तीन आकडे लिहा. जिथे संख्या जास्त पण लांबी कमी, तिथे दिवस जास्त झाले. जिथे लांबी चांगली पण संख्या नाही, तिथे दिवस किंवा मात्रा कमी पडली. दोन्हींचा मेळ जिथे बसतो ती तुमची खूण.

मुळांमधून निकोटिन काढून मोजायचं आहे असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय, म्हणून हेही. तंबाखूत निकोटिन मुळात तयार होतं आणि तिथून पानात जातं. टोमॅटोचा कोंब तंबाखूच्या मुळावर बांधला तर टोमॅटोच्या पानात निकोटिन सापडतं, हे १९४० च्या दशकातल्या कलमांच्या प्रयोगांनी दाखवलं. आणि ऑक्झिन हे निकोटिनची निर्मिती दाबतं. म्हणजे तुमच्या सध्याच्या माध्यमात मूळ लांबही होत नाही आणि निकोटिनही कमी बनवतं. संजीवक काढण्याचं हे दुसरं, तुमच्या दृष्टीनं कदाचित मोठं कारण.

पुढेमागे मोठ्या प्रमाणावर मुळं लागली तर केसाळ मुळांचा पर्याय आहे. अॅग्रोबॅक्टेरियम ऱ्हायझोजिनिस हा जिवाणू आपल्या आरआय प्लाझ्मिडचा (डीएनएच्या सुट्या कड्याचा) एक भाग वनस्पतीच्या पेशीत घालतो, त्यातल्या रोल जनुकांमुळे त्या पेशींमधून फांदाळ, झपाट्यानं वाढणारी मुळं येतात आणि ती बाहेरच्या संजीवकाशिवाय वाढत राहतात. पण ती जनुकीय बदल झालेली मुळं असतात, त्यांना जैवसुरक्षेचे नियम लागू होतात, सेफोटॅक्सिमसारखं प्रतिजैविक वापरून जिवाणू पूर्ण घालवावा लागतो आणि रोल जनुक खरंच आलंय का ते पीसीआरनं तपासावं लागतं. साधी मुळं वाढवण्यावर हात बसण्याआधी त्यात शिरू नका, असंच मी म्हणेन.

राहिला प्रश्न आत्ता शेकरवर असलेल्या फ्लास्कचा. सगळं फेकू नका. गडद तपकिरी आणि मऊ झालेली मुळं गेलीच, पण फिकट पिवळी, अजून टणक असलेली ठेंगणी मुळं वाचू शकतात. ती संजीवक नसलेल्या अर्ध्या एमएसमध्ये दोनदा धुवा आणि त्याच माध्यमाच्या अगारवर, लिटरला १ ग्रॅम सक्रिय कोळसा घालून, पेट्रीडिशमध्ये आडवी ठेवा. कोळसा मुळांतून बाहेर झिरपणारं एनएए शोषून घेतो. फक्त तो संजीवक असलेल्या माध्यमात कधी घालू नका, तेही शोषून टाकेल. कोळशाच्या काळ्या अगारमधून खालून काही दिसणार नाही, म्हणून झाकणावर प्रत्येक मुळाच्या टोकासमोर पेननं एक रेघ मारा आणि डिश हलवू नका. अंधारात ठेवून पाचव्या आणि दहाव्या दिवशी बघा. जाड बुंध्यातून रेघेच्या पुढे एखादं बारीक, पांढरं टोक निघालेलं दिसलं, की ते सेंटिमीटरभर होऊ द्या, मग जुन्या जाड भागापासून कापून वेगळं करा. पुढच्या फ्लास्कमध्ये तेवढंच टाका.